हिरवा रंग काढल्यावर

धोंडिराम पलटणीतून पेन्शनीवर आला आणि लष्कराच्या लिलावातली एक जुनी मोटारसायकल घेऊन बसला. टाकीपासून इंजिनापर्यंत सगळी हिरव्या रंगानं माखलेली. बरेच दिवस तशीच फिरवली. मग एका उन्हाळ्यात शिरवळच्या घरासमोर पोतं अंथरून त्यानं इंजिनाची झाकणं उतरवली.

थिनरच्या बोळ्यानं रंग फुगला, की तो बांबूच्या कामटीनं खरवडायचा. लोखंडी पट्टीनं ओरखडे पडले असते. खालून पांढुरकं अ‍ॅल्युमिनियम दिसलं तशी बायको, चंद्राबाई, वाकून बघायला लागली.

"आवं, हे तर जर्मन हाय! आपल्या पातेल्यागत."

"व्हय. आन् असल्या मालावर रंग फासलाय बघ."

मग दोघंही बसली. ती पाणी लावून बारीक पॉलिश पेपर फिरवायची, तो पलटणीत बटणांना लावायचं तसलं पॉलिश चिंधीनं घासायचा. चिंध्या काळ्या झाल्या, बोटं काळी झाली. शेवटी घोंगडीच्या तुकड्यानं चोळल्यावर झाकणात चंद्राबाईला स्वतःचं कपाळ दिसलं. टाकीला त्यानं काळा रंग दिला.

बाजाराच्या दिवशी तो लोणंदकडं निघाला. वाटेत आप्पासोचं हॉटेल होतं. तिथं तो नेहमी चहाला थांबायचा. आप्पासो "या सायेब" म्हणत उठायचा आणि आत बाकावर कपबशीत चहा द्यायचा. आज तो उठला नाही.

"कुठलं पावनं?"

"शिरवळचं."

"कुणाच्यातलं?"

हे त्याला इथं कुणी कधी विचारलं नव्हतं. "बुद्धवाड्यातला," धोंडिराम म्हणाला.

आप्पासोनं कान तुटलेला कप भरून बाहेरच्या दगडावर ठेवला. "पिऊन झाला की इसळून ठेव."

धोंडिरामला काही कळेना. "आप्पासो, गेल्या बाजारी मी आत बसलो हुतो की."

"तू? आत?"

"त्या बाकावर. हिरव्या गाडीवर आलो हुतो."

"ते मिलिटरीचं सायेब हुतं."

"मीच त्यो."

आप्पासो गाडीभोवती फिरला. चकाकणाऱ्या इंजिनात डोकावला. "न्हाई गड्या. ती गाडी येगळी."

धोंडिरामनं सीट उचलून धरली. खालच्या पत्र्यावर हिरवा रंग तसाच होता. आप्पासो रंगाकडं बघे, धोंडिरामच्या तोंडाकडं बघे. आप्पासो खोटं बोलत नव्हता; त्याला खरंच ओळख पटत नव्हती. धोंडिराम आत जाऊन बाकावर बसला. थोड्या वेळानं कपबशी पुढं आली. आप्पासो नुसतंच "घ्या" म्हणाला. पुढं सायेब म्हणावं की काय म्हणावं, हे त्याला उमगलं नसावं.

धोंडिराम चहा प्याला. गोड होता की अगोड, त्याच्या ध्यानातच आलं नाही. हा चहा आपल्याला दिला, की त्या सीटखालच्या रंगाला? बाजारात न जाताच तो माघारी वळला.

घरी त्यानं सगळं सांगितलं. चंद्राबाई हातातलं काम टाकून ऐकत होती.

"मग इचारायचं की त्येला, कुणाला दिला म्हनून."

"त्येलाच ठावं न्हाई गं."

"फुडच्या बाजाराला मी बी येते. मागं बसते. आन् आत जाऊन बसते. बघू मला काय म्हनतोय."

हसावं की नको म्हणावं, धोंडिरामला सुचेना. मग तो म्हणाला, "चल."