‘डी’ची मळकी पानं

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. माझी कहाणी वाचून डोळ्यांत पाणी वगैरे आणू नका. ओल मला सोसत नाही, आणि तुमच्या रडण्यावर माझा फारसा विश्वासही नाही.

छापखान्यात जुळाऱ्याने एकेका अक्षराचा खिळा निवडून माझी पानं बसवली. मुद्रितं तपासणाऱ्या बाईंचे डोळे माझ्यापायी अधू झाले. पाठीला निळं कापड आणि त्यावर सोनेरी अक्षरं लेवून मी दुकानाच्या काचेत उभा राहिलो, तेव्हा वाटलं, आता एखादा विद्वान येईल. आला एका गोदामाच्या कचेरीतला हेडक्लार्क. उंटावरचा शहाणा परवडला, तो निदान उंटावर तरी बसलेला असतो.

याने मला बैठकीच्या खोलीत रेडिओशेजारच्या फळीवर ठेवलं. कोणी आलं की माझ्या पाठीवर थाप मारून सांगायचा, यातला शब्द न् शब्द मला पाठ आहे. धादांत खोटं! माझी ‘एल’ची पानं तर शेवटपर्यंत एकमेकांना चिकटलेलीच राहिली. मळली ती फक्त ‘डी’ची.

त्याचं कारण त्याची रागावण्याची तऱ्हा. घरात कोणी मनाविरुद्ध वागलं की हा आधी मला उघडायचा, एक शब्द निवडून त्याखाली पेन्सिलने रेघ मारायचा, खिडकीकडे तोंड करून तो घोकायचा आणि मग जेवताना सगळ्यांसमोर फेकायचा. त्यानंतर कोणी ब्र काढायचा नाही. मुलगा गणितात नापास झाला, तेव्हा डिसअपॉइंटमेंट. मुलीने याने ठरवलेलं कॉलेज सोडून नर्सिंगला नाव घातलं, तेव्हा डिसेन्चांटमेंट. अपेक्षा मोडणं वेगळं, मोहिनी उतरणं वेगळं आणि भ्रम जाणं आणखी वेगळं, हे मी बारीक टायपात नीट सांगितलं आहे. पण हा गुन्ह्याच्या आकाराप्रमाणे लांब शब्द शोधायचा. गाढवाला गुळाची चव काय?

त्याची बायको घरी शिवणकाम करायची. तिला इंग्रजीची अक्षरं तेवढी लागत. दुपारी सगळं सामसूम झालं की ती हात पुसून माझ्याकडे यायची. खुणेला ब्लेडचा कागद घातलेला असायचाच. ही बाई मला उघडेल, असं त्या दीडशहाण्याच्या स्वप्नातही नव्हतं. ती रेघ मारलेला शब्द शोधायची, मराठी अर्थ वाचायची आणि संध्याकाळी मुलाला किंवा मुलीला जवळ घेऊन म्हणायची, बाबांना वाईट वाटलंय रे, बाकी काही नाही. त्या घरात मला अर्थासाठी उघडणारी ती एकटीच. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

हेडक्लार्क निवृत्त झाला, तेव्हा कचेरीतले चार सोबती घरी जेवायला आले. मुलं तोवर आपापल्या घरी गेली होती. झोडायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून म्हणा, याने बायकोकडे बोट दाखवलं आणि इंग्रजीत सांगितलं, ही माझ्या आयुष्यातली पहिली डिसइल्यूजनमेंट. पाहुणे खो खो हसले. पाण्याचे पेले घेऊन उभी असलेली तीही हसली, कारण सगळे हसत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला उघडलं. ब्लेडचा कागद होता, ताजी रेघही होती. भ्रमनिरास. बराच वेळ तिचं बोट त्या शब्दावरून हललं नाही. त्या दिवशी मला माझ्याच शाईची किळस आली.

रात्री तिने ताटं घेतली नाहीत.

“काल मला जे म्हणालात, ते मराठीत म्हणा,” ती म्हणाली. “माझ्याकडे बघून म्हणा.”

“अगं, गंमत केली.”

“ते लोक कळून हसले. मी न कळता हसले.” मग ती सावकाश म्हणाली, “भ्रम तुमचा होता ना? तो गेला, यात माझं काय चुकलं?”

हा माझ्या फळीकडे बघायला लागला. इतकी वर्षं शब्द पाठ असणारा माणूस, आणि बायकोला काय सांगायचं तेही माझ्यात शोधतो. थू!

तिने मला फळीवरून उचललं आणि शिवणयंत्राच्या लंगड्या पायाखाली सरकवलं. आता मुलं भेटायला आली आणि याने कपाळाला आठी घालून ‘आय ॲम’ म्हणत सुरुवात केली, की यंत्र खडखडतं आणि हा पुढचा शब्द गिळतो. मुलीने एकदा मला काढून नवी बांधणी करून आणते म्हटलं, तर आई म्हणाली, असू दे, तिथेच बरा आहे.

गेल्या आठवड्यात ती बाजारात गेलेली असताना हेडक्लार्क गुडघ्यांवर बसून मला ओढायला लागला. तेवढ्यात ती परत आली.

“काय हवंय?”

“एक शब्द बघायचा होता.”

“मराठीतला असेल तर मला विचारा,” ती म्हणाली. “मला येतो.”

त्याने माझ्यावरचा हात काढून घेतला. तिने पिशवी ठेवली आणि ती यंत्रावर बसली.

मित्रांनो, शेवटी मी ‘पुस्तकांची निगा राखा’ असं म्हणावं, अशी तुमची अपेक्षा असेल. मला नको तुमची निगा. वाळवी लागली तरी चालेल. फक्त घरच्या माणसाला टोचायला माझ्याकडे शब्द मागू नका, आणि क्षमा मागायची असेल तर माझ्या आधाराची वाट बघू नका. मी यंत्राखाली आहे.