शून्य गण

राजशेखर सरांचा तास असला की दहावीच्या वर्गात पेंगायची कुणाची टाप नव्हती. नळदुर्गच्या अलीकडं, हायवेपासून जरा आत असलेली ती शाळा. सर मूळचे लातूरचे. अवघड धडा हसत-खेळत गळी उतरवण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नाही, असं मुलंच गावभर सांगायची. सरांनाही ते ठाऊक होतं. जरा जास्तच ठाऊक होतं.

त्या दिवशी मूलद्रव्यांचं वर्गीकरण चाललं होतं. फळ्याशेजारी आवर्तसारणीचा तक्ता टांगलेला. उभे ते गण, आडवी ती आवर्तं. "एका गणातली मूलद्रव्यं म्हणजे एका घरातली भावंडं," सर म्हणाले, "वजनं वेगळी, गुण तेच." मुलं नुसतीच बघत राहिली. तसा सरांनी वर्गच तक्त्यात मांडायला घेतला. दिग्विजय म्हणजे सोडियम, पाणी लागलं की तडतडणार. कृष्णराज त्याच गणातला पोटॅशियम, त्याच्याहून भडक. निकिता कार्बन, तिचं कुणाशीही जमतं. वर्गाला आता रंग चढला. "सर, मी? सर, मी?" म्हणून मुलं बाकांवरून उठायला लागली.

हात वर नव्हता तो फक्त शेवटच्या बाकावरच्या अयोध्याचा. मेंढरं राखणाऱ्या बिरदेवची ही मुलगी. पेपरात बरे गुण पडायचे, पण तोंडी विचारलं की मान खाली.

"अयोध्या, ह्या शेवटच्या उभ्या रांगेला काय म्हणतात?"

ती उभी राहिली. ओठ हलले, शब्द आला नाही.

"बघा! उत्तर स्वतःच उभं राहिलंय," सर म्हणाले. "शून्य गण. निष्क्रिय वायू. कुणाशी संयोग नाही, कसली अभिक्रिया नाही. आपली अयोध्या म्हणजे आरगॉन!"

वर्ग खदाखदा हसला. अयोध्याही थोडी हसली. ती हसली म्हणजे तिला लागलं नाही, असं सरांनी धरलं आणि ते पुढच्या मुद्द्याकडं वळले.

पुढच्या आठवड्यात ती शाळेत दिसेना. पाऊसपाण्याचे दिवस, घरी काम निघालं असेल, असं सरांना वाटलं. मग एकदा मधल्या सुट्टीत मराठीच्या उमादेवी बाईंनी विषय काढला.

"सर, अयोध्या का येत नाही, माहीत आहे ना?"

"नाही. का?"

"पोरं तिला आरगॉन म्हणून हाका मारतात. नळावर, रस्त्यावर, जाईल तिथं. दिग्विजय तर तिच्या मेंढरांनासुद्धा शून्य गण म्हणतो."

"अहो, गंमत केली होती मी."

"कुणाची?" बाईंनी विचारलं आणि डबा उघडला. सरांनी आपला डबा तसाच मिटला.

शाळा सुटल्यावर त्यांनी मोटारसायकल काढली. गावातल्या धोंडप्पांच्या शेतात बिरदेवची मेंढरं बसवली होती, म्हणजे खतासाठी तिथं मुक्कामाला ठेवली होती. बांधावर गाडी लावून सर चिखल तुडवत आत गेले. वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोकरं ओरडत होती. सरांना बघताच बिरदेव लगबगीनं पुढं आला, घोंगडं झटकून त्यानं अंथरलं आणि स्वतः मात्र उभाच राहिला.

"सर, तुमी कशाला तरास घेतला? पोरीचं काय चुकलं का?"

"नाही, नाही. शाळेत येईना म्हणून आलो."

"व्हय, मीच ठिवून घेतलंय तिला. मेंढ्या व्यायल्यात. ती म्हनली, आठ-पंधरा दिवस शाळेत काय इशेष न्हाय." बिरदेव हसला. "पर तुमचं नाव लई घेती, सर. म्हनली, सरांनी सगळ्या वर्गात मला नाव दिलं. कसल्या तरी गॅसचं. भारी नाव हाय, म्हनली. मला काय ते ध्यानात ऱ्हाईना. काय गं?"

अयोध्या कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. तिनं वर बघितलं नाही. "आरगॉन," ती म्हणाली.

"तेच! त्येचा अर्थ काय हो, सर?"

सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. खरं सांगायची वेळ होती, आणि त्यांच्या तोंडातून निघालं भलतंच. "त्या वायूंना राजवायू म्हणतात," ते म्हणाले. "राजासारखे असतात. कुणापुढं हात पसरत नाहीत."

पुस्तकात तो शब्द होता, त्यामुळं ते धड खोटंही नव्हतं. बिरदेवचा चेहरा फुलला. "ऐकलंस का?" तो बायकोला म्हणाला. "राजा म्हनले सर आपल्या पोरीला." बायकोनं चहाचं आधण ठेवलं.

अयोध्यानं आता मान वर केली. "राजवायू तुमी वर्गात म्हनला न्हवता, सर," ती हळू म्हणाली.

सरांना बसवेना. ते उठले, आणि एकदाचं सगळं सांगून टाकलं: कशी थट्टा केली, वर्ग कसा हसला, पोरं काय म्हणून हाका मारतात. सांगताना त्यांना वाटत होतं, आता मन हलकं होईल. झालं उलटंच. बिरदेव त्यांच्याकडं बघतच नव्हता, तो पोरीकडं बघत होता.

"मंग माज्याशी खोटं का बोललीस?"

अयोध्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "तुमाला वाईट वाटंल म्हून," ती म्हणाली. मग सरांकडं वळून, "सर, तुमी कशाला सांगितलं?"

काहीतरी बोलायचं म्हणून सरांनी विचारलं, "पण अयोध्या, तुला येत असतं. तू बोलत का नाहीस वर्गात?"

"नववीत बोलले व्हते. तुमी इचारलं, लोखंड पान्यात इरघळतं का. म्या न्हाय म्हनलं. तुमी म्हनला, 'न्हाय' नव्हे, 'नाही' म्हण. आनी सगळ्यांकडून 'नाही' म्हनून घेतलं, तीनदा. मंग बोलायचं सोडलं."

सरांनी आठवून बघितलं. काहीच आठवेना. तिच्या तोंडाला कुलूप घालणारी गोष्ट त्यांच्या लेखी घडलीच नव्हती. चहा तसाच ठेवून ते निघाले. बिरदेव बांधापर्यंत सोडायला आला.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी बिरदेव पोरीला घेऊन फाटकात उभा होता. सर जवळ गेले तसे त्यानं हात जोडले.

"सर, तुमी शिकलेले, आमी अडानी. पर आता तिला परत हसायचं असंल तर मला सांगावा धाडा. मी येऊन बसतो तिच्या जाग्यावर. मला हसा. मला सवय हाय."

त्याच्या बोलण्यात राग असता तर सरांना सोसला असता.

त्या दिवशी तासाला सरांनी पुस्तक मिटलं. "मागं मी अयोध्याची थट्टा केली. ती चूक होती. ती माझी चूक होती, तुमची नाही. पण ते नाव आता कुणी घ्यायचं नाही." माना आपोआप शेवटच्या बाकाकडं वळल्या. अयोध्याचा चेहरा लालबुंद झाला. सर बोलतच राहिले. माफी मागतानाही ते नेहमीसारखेच छान बोलत होते, हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं आणि ते मध्येच थांबले.

तास संपल्यावर ती टेबलाशी आली. सगळे बाहेर पडेपर्यंत थांबली.

"सर, समद्यांच्या म्होरं परत माझं नाव घ्यायचं न्हवतं."

"चुकलं," सर म्हणाले.

त्या वर्षी ती रोज आली. हाका बंद झाल्या. पोरांना दुसरं कुणीतरी सापडलं असेल. सरांचे विनोद कमी झाले. तिला तोंडी प्रश्न विचारायचं धाडस मात्र त्यांना परीक्षेपर्यंत झालं नाही, आणि त्यात तिच्याविषयीची दया होती की स्वतःची भीती, हेही त्यांना नीट सांगता आलं नसतं. ती पहिल्या श्रेणीत पास झाली. उमादेवी बाईंना पेढा देऊन गेली, म्हणे. सर त्या दिवशी शाळेतच होते.

अजूनही कधी हायवेला मेंढरांचा कळप आडवा येतो. गाड्या हॉर्न वाजवत थांबतात. कळपामागून येणारा बिरदेव सरांना ओळखतो, काठी काखेत धरतो, दोन्ही हात जोडून "रामराम, सर" म्हणतो. अगदी मनापासून म्हणतो. सर हँडलवरचा एक हात उचलतात आणि कळप पूर्ण ओलांडून जाईपर्यंत रस्त्याकडं बघत राहतात.