उशाजवळची नळी

निवृत्त होऊन महिना उलटला नाही तोच पानाताईने एका दलालाकडून जुना ट्रेलर विकत घेतला. गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचा, आत झोपायची, स्वयंपाकाची सगळी सोय असलेला. पंधरा फूट लांब, सात फूट रुंद, आणि एका कोपऱ्यात ओल धरलेला. पानाताई लिफ्ट दुरुस्त करायची. तीस वर्षं तिने चार भिंतींच्या उभ्या बोगद्यात, ग्रीसने माखलेल्या दोरांशेजारी काढली होती. हातात सदान्‌कदा पाना, म्हणून कंपनीत नाव पडलं पानाताई. आता तिला चारही बाजूंना मोकळी हवा असेल अशा ठिकाणी जाऊन झोपायचं होतं.

"भंगार आणलंस," तिचा भाऊ म्हणाला आणि परत पेपरात डोकं घालून बसला. त्याची बायको, म्हणजे पानाताईची वहिनी, मात्र मोजपट्टी गळ्यात अडकवून लगेच बाहेर आली. वहिनी सोफ्यांची आणि गाद्यांची कव्हरं शिवायची. दुकान घरातच होतं, आणि नवीन गादी म्हटलं की तिचे हात शिवशिवायचे.

पानाताईने कामांची यादी केली होती. जुनं सगळं उपसून काढायचं, ओली प्लाय बदलायची, छतावर सोलर पॅनेल, खाली नवी बॅटरी, पाण्याला पंप, सहा दिवे. रविवारी सकाळी दोघी हातमोजे घालून आत शिरल्या आणि पहिल्याच तासाला काम अडलं.

अडलं ते कुतूहलाने. दारातून आत पाऊल टाकलं की कमरेच्या उंचीवर एक लोखंडी दांडी सुरू होत होती. घासून गुळगुळीत केलेली. ती टेबलाला वळसा घालून थेट पलंगापर्यंत जात होती.

"लहान मुलांसाठी असेल," वहिनी म्हणाली.

"कमरेएवढ्या उंचीवर? मुलं लोंबकळतील त्याला."

"मग जहाजावरचा माणूस असेल कुणी. सवय असते त्यांना धरून चालायची."

वरच्या कपाटांना बिजागऱ्या नव्हत्या. सगळी दारं सरकती. टेबलाचे चारही कोपरे गोल केलेले. शेगडीसमोर जमिनीवर रबराची एक पट्टी ठोकलेली, अगदी पाय अडखळणार नाही इतपत जाड. पाण्याच्या टाकीतून एक दोरी बाहेर आली होती आणि तिला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या होत्या. पानाताईने टाकीत बादलीभर पाणी ओतलं, तेव्हा आतला तरंगणारा डबा वर आला आणि बाहेरची दोरी दोन गाठी खाली सरकली.

"पाणी किती उरलंय ते कळायला," पानाताई म्हणाली. "पण काचेची नळी लावली असती तर नुसतं बघून कळलं असतं. एवढा खटाटोप कशाला?"

तिचं हे नेहमीचं होतं. एखादी गोष्ट का बसवली आहे ते कळल्याशिवाय ती काढायला तिचा हात धजत नसे. लिफ्टमध्ये उगाच दिसणारा एखादा खिळा काढला की पाळणा कुठे तरी अडकतो, हे तिने पाहिलं होतं.

मग तिला बटणं दिसली. तीन बटणं, आणि प्रत्येकाच्या वर लहान गोल डोक्याचे खिळे. पहिल्यावर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. एक पंख्याचं, दुसरं हीटरचं, तिसरं दिव्याचं. आणि दिवा सबंध ट्रेलरमध्ये एकच, शेगडीच्या डोक्यावर.

"एवढ्या जागेत एकच दिवा?" पानाताईने छतावरून हात फिरवला. दुसऱ्या दिव्याची वायरसुद्धा नव्हती. "यांना रात्री दिसायचं कसं?"

वहिनीने दारात जाऊन डोळे मिटले. डावा हात दांडीवर ठेवला आणि चालू लागली. टेबलाला वळसा घातला, पायाला रबराची पट्टी लागताच थांबली, हात वर केला, कपाटाचं दार सरकवलं. मग बटणांवरून बोट फिरवून तिसरं दाबलं.

"वन्सं," ती डोळे मिटूनच म्हणाली, "दिवा लागला का हो?"

पानाताईने आधी दिव्याकडे, मग वहिनीच्या मिटल्या डोळ्यांकडे पाहिलं. "लागला," ती म्हणाली.

त्यानंतर दोघींना चैन पडेना. कुणी बनवलं असेल? गॅसच्या पेटीत ब्रेक तपासल्याचं एक मळकट कार्ड सापडलं, त्यावर गॅरेजचा नंबर होता. पानाताईने फोन लावला. गॅरेजवाल्याला ट्रेलर चांगलाच आठवत होता.

"वेल्डरबाईंचा तो! सगळं स्वतः केलं होतं त्यांनी. गेल्या हो त्या, चार वर्षं झाली. त्यांचे मिस्टर आहेत. दृष्टी नाही त्यांना. टेलिफोन ऑपरेटर होते मोठ्या हॉस्पिटलात. आमच्याच गल्लीत राहतात, दुसऱ्या मजल्यावर."

त्याच्याकडून नंबर घेऊन पानाताईने ऑपरेटरांना फोन केला आणि ट्रेलरचं, कुठे तरी गळतंय तेही सांगितलं. ते म्हणाले, "एकदा हात लावून बघायला येऊ का?"

ते यायच्या आधी दोन दिवस पानाताईने ओल्या कोपऱ्याचं काम काढलं. पाणी कुठे मुरतंय ते शोधायचं होतं. पलंगाच्या उशाकडची प्लाय तिने उचकटली, आणि आत दोन इंच जाडीची एक नळी निघाली. छतापासून खाली येऊन ती बरोबर उशीच्या उंचीवर वळली होती. तिच्या तोंडावर बारीक भोकांचा पत्रा होता, वरून भिंतीच्याच रंगाचं कापड चिकटवलेलं. बाहेरून कुणाला पत्ता लागू नये असं.

छतावर चढून पाहिलं तर नळीच्या टोकाला ॲल्युमिनियमचा भोंगा, पाऊस आत जाऊ नये म्हणून मान खाली वळवलेला. भोंग्याखालचं रबर सुकून तडकलं होतं आणि पाणी तिथूनच झिरपत होतं. गळती सापडली. पण नळी कशासाठी?

"हवेसाठी असेल," वहिनी म्हणाली.

"हवेला खिडकी आहे की उशाशी. शिवाय हवेची नळी कुणी लपवतं का?"

शनिवारी दुपारी ऑपरेटर आले. उंच, ताठ, इस्त्रीचा शर्ट. वहिनी आधार द्यायला पुढे झाली, पण पायरी चढताच त्यांचा हात आपणहून दांडीवर गेला आणि मग त्यांना कुणाचीच गरज उरली नाही. टेबलाला वळसा, पट्टी, कपाट. प्रत्येक वस्तूपाशी ते क्षणभर थांबत होते, जसं गावी परतलेलं माणूस दारोदारी थांबतं.

"ही पट्टी मी मागून घेतली," ते सांगत होते. "दोनदा हात भाजून घेतल्यावर. खिळ्यांची कल्पना तिची. गाठींची माझी." मग पलंगावर टेकले आणि हसले. "आणि ही माझी जागा. इथे पडल्या पडल्या मला सगळं रान ऐकू यायचं. खिडक्या बंद, दार बंद, तरी लांबच्या ओढ्याचा आवाज! साठीला आलो तेव्हा डॉक्टर म्हणाला, तुमचे कान कमी होत चाललेत. मी हाय खाल्ली. डोळे नव्हतेच, आता कानही जाणार म्हटल्यावर राहिलं काय? जेवण तुटलं. बायको म्हणाली, चला, जरा बाहेर जाऊन येऊ. आणि बाहेर गेलो तर काय, पहिल्याच पहाटे झाडावरचं पाखरू न पाखरू ऐकू आलं! तिला नाही यायचं. म्हणायची, मला तर बाई काहीच ऐकू येत नाही. तेव्हाच ठरवलं, तो डॉक्टर गाढव आहे. घरी कमी ऐकू यायचं, पण ते शहराच्या गोंगाटामुळे."

पानाताईने उघड्या भिंतीकडे पाहिलं. नळीकडे पाहिलं. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि तिचं तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनीने तिच्या पायावर पाय दिला. तोंड मिटलं.

"गळती कुठे आहे म्हणालात?" ऑपरेटरांनी विचारलं.

"अशीच... त्या बाजूला," पानाताई म्हणाली. "किरकोळ आहे."

"बाई, फोनवर सगळी नोकरी गेली माझी. माणूस काही तरी पोटात ठेवून बोलायला लागलं की आवाज बदलतो." त्यांनी हात पुढे केला. "दाखवा."

पानाताईला खोटं बोलायची कला कधी जमली नाही. तिने त्यांचा हात धरला आणि नळीवर ठेवला.

ते नळीवरून बोटं फिरवत छतापर्यंत गेले. मग खाली, वळणापाशी. एका जोडावर त्यांची बोटं थबकली. "हा तिचा जोड," ते पुटपुटले. "शेवटी असा छोटा गोळा ठेवायची." मग नळीचं तोंड सापडलं. त्यांनी कान जवळ नेला आणि तोंडावर तळवा ठेवला. काढला. परत ठेवला. बाहेर रस्त्यावर कुणी तरी पत्र्याचा डबा ओढत नेत होतं. तळवा काढला की डबा खडखडत जवळ यायचा, ठेवला की लांब जायचा.

वहिनीने पदराचं टोक मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं.

"म्हणजे डॉक्टर बरोबर होता," ऑपरेटर म्हणाले.

मग त्यांचे खांदे हलायला लागले. पानाताईला वाटलं रडतायत, पण ते हसत होते. ठसका लागेपर्यंत हसले. "आणि मी त्याला चारचौघांत गाढव म्हटलं हो! बारा वर्षं! बारा वर्षं, बाहेर गेलो की रोज पहाटे ती शेजारी पडून म्हणायची, मला तर बाई काहीच ऐकू येत नाही!" मग त्यांनी डोळे पुसले आणि बराच वेळ नळीवर हात ठेवून बसले.

"पुन्हा बसवू ना?" पानाताईने शेवटी विचारलं.

"ट्रेलर तुमचा आहे. गळत असेल तर काढा."

"गळतं ते रबर. नळीचा काही दोष नाही."

पुढचे तीन आठवडे दोघी खपल्या. पानाताईने भोंग्याखाली नवं रबर घातलं, कडेने सीलंट भरलं, आणि नळीच्या वळणापाशी चुकून पाणी आलंच तर निथळून जायला एक बारीक छिद्र ठेवलं. कुजलेली प्लाय बदलली. सोलर पॅनेल बसलं, बॅटरी बसली, पंप बसला. दिवे सहाऐवजी तीन लावले, कारण यादीतलं निम्मं काम आता तिला नकोसं झालं होतं. दांडी, सरकती दारं, खिळे, सगळं राहिलं. गाठींच्या दोरीने पाण्याचा अंदाज काचेच्या नळीपेक्षा लवकर कळतो, हेही तिने तोंडाला साबण लावून डोळे मिटलेले असताना अनुभवलं. वहिनीने गादीला निळं कव्हर शिवलं आणि उशाकडे नळीच्या तोंडापुरती जागा सोडली.

ऑपरेटरांचे फोन मात्र सुरू झाले. भोंग्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे? मागे? बरोबर, वारा भरू नये म्हणून. नळीला जोड किती? तीन? म्हणजे तुकडे जोडून केली. उरलेल्या मालातून असणार. मधेच एकदा सांगितलं की कानाला मशीन लावून घेतलं आणि डॉक्टरांची माफीही मागून आलो. त्यांना काही आठवतच नव्हतं. आणि एके दिवशी फोन आला तो नुसता उत्साहाने फुललेला.

"कधी बसवली ते सापडलं! तिने मला दोन दिवस माझ्या बहिणीकडे पाठवलं होतं. म्हणाली, आत रंग देतेय, वासाने तुमचं डोकं धरेल. परत आलो तर रंगाचा वासच नाही!"

"मग विचारलं नाहीत?"

"विचारलं की. म्हणाली, नवीन रंग आहे, याला वास नसतो."

पहिल्या प्रवासाला पानाताई आणि वहिनी दोघीच गेल्या. तळ्याकाठी ट्रेलर लावला. पहाटे पानाताईला जाग आली ती कानाशी झालेल्या आवाजाने. कुणी तरी लाकडी डबीत खडे हलवावेत तसा आवाज, मग एक लांबलचक शीळ. खिडक्या बंद होत्या. शेजारी वहिनी घोरत होती. पानाताई उठून बसली. हे काय असेल? पक्षी? बेडूक? पुन्हा खडे, पुन्हा शीळ.

बाहेर उजाडायला लागलं होतं. तिने थोडा वेळ कळ काढली, मग राहवेना. फोन उचलला. ऑपरेटर पहिल्याच घंटेला "बोला" म्हणाले, जणू उशाशी फोन घेऊनच बसले होते.

"नुसतं ऐका," ती कुजबुजली आणि फोन नळीच्या तोंडाशी धरला.

शीळ झाली. खडे वाजले. मग फोनमधून दबका आवाज आला.

"हा कोण, मलाही माहीत नाही. जरा तसाच धरून ठेवा."