तांब्याची नळी

एसीचं खोकं घरात येऊन आठवडा झाला, तरी ते सुहासिनीबाईंच्या हॉलमध्ये नव्या सोयरिकीतल्या पाहुण्यासारखं अवघडून उभं होतं. समीरने पाठवलेलं. समीर त्यांचा एकुलता एक, हैदराबादेत नोकरीला. गेल्या वैशाखात आईला स्वयंपाकघरात भोवळ आली आणि तोंडावर पाणी मारायला घरात माणूस नव्हता, हे त्याच्या मनाला लागून राहिलं होतं. माणूस काही त्याला पाठवता येत नव्हता. त्याने यंत्र पाठवलं.

"आई, बसवून फ्री देतात. तू फक्त दार उघड," तो फोनवर म्हणाला होता.

आज दार उघडलं, तर बाहेर राजू उभा. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका दुकानाचा फिटर. खांद्याला पिशवी, कानामागे पेन्सिल. आल्या आल्या तो गटागटा पाणी प्यायला, बेडरूममध्ये गेला आणि बाजारात कलिंगड पारखावं तशा भिंतीवर टिचक्या मारू लागला.

"फ्री म्हणजे कसं आहे ना काकू," तो म्हणाला, "लटकवायचं फ्री. सामान आपलं."

"सामान म्हणजे रे काय?"

"बाहेरच्या मशीनला स्टँड. भिंतीला भोक. वायर. पाणी जायला पाइप. आणि तांब्याची नळी. खोक्यात दहा फूट येते, त्याच्यापुढे फुटाला अडीचशे."

"म्हणजे मी किती धरून चालू?"

राजूने खिडकी सरकवली आणि मान बाहेर काढून वरखाली बघितलं. "इथे डक्टमध्ये मशीन टाकलं तर खोक्यातल्या नळीत काम होतं. तीनेक हजारात सुटाल. अख्खं अंबरनाथ फिरून या, आमच्या सेठचा रेट कोणी देणार नाही."

डक्ट म्हटल्यावर सुहासिनीबाई उठून खिडकीशी आल्या.

दोन इमारतींच्या पाठी तिथे एकमेकींकडे वळलेल्या होत्या आणि मध्ये विहिरीएवढी पोकळी. ऊन तळापर्यंत कधी पोचायचं नाही, पण आवाज पोचायचा, आणि विहिरीत बोलल्यासारखा घुमायचा. यजमान, शरदचंद्र, होते तोवर बाईंना या पोकळीची दखल नव्हती. ते ऑर्डनन्स फॅक्टरीत अधिकारी. रेडिओ, बातम्या, खोकला, हाका, घर कसं त्यांच्या आवाजाने सारवलेलं असायचं. ते गेले आणि घर उघडं पडलं. दुपार तर खायला उठायची. भिंतीवरचं घड्याळ वाजायचं तेवढंच काय ते कुणीतरी बोलल्यासारखं.

अशाच एका दुपारी समोरच्या काळ्या काचेआडून कुणा बाईचा आवाज आला. जुना, खरबरीत, गावाकडचा.

उन्हाच्या गो पारी, दारी सावली बसली...

आणि थांबला. पुढचं आठवेना असावं. पुन्हा तीच ओळ, पुन्हा तिथेच अडखळ. सुहासिनीबाई स्वयंपाकघरात, डक्टकडच्याच खिडकीशी ताट विसळत होत्या. त्यांची आई जात्यावर बसायची, तिच्या मांडीला टेकून ऐकलेली चाल ती. अधिकाऱ्याची बायको झाल्यावर त्यांनी ती कधी ओठांवर येऊ दिली नव्हती. पण त्या दिवशी हातातलं ताट तसंच राहिलं आणि तोंडातून निघून गेलं,

तिच्या मांडीवर बाई, माझी दुपार निजली.

 पलीकडून एक हसू आलं, खळाळून, दात नसलेलं.

तेव्हापासून रोज. पलीकडून अर्धी ओवी यायची, इकडून अर्धी जायची. कधी उलटं. नाव कुणी विचारलं नाही, गाव विचारलं नाही, खिडकीतून वाकून कुणी पाहिलं नाही. समोरच्या इमारतीचं फाटक मागच्या रस्त्याला, नाल्याला वळसा घालून जावं लागे. पण कारण ते नव्हतं. समोर गेलं की "बसा ना, चहा घेणार?" सुरू होईल आणि ओवी पळून जाईल, याची बाईंना धास्ती होती.

"मशीनचा आवाज होतो का रे?" त्यांनी विचारलं.

"घूं घूं तर होणारच काकू. पण तुम्ही खिडकी बंद करून आत मस्त गार झोपणार. तुम्हाला काय?"

"आणि पुढच्या गॅलरीत बसवलं तर?"

राजूने टेप काढली. बेडरूममधून हॉल, हॉलमधून गॅलरी. मोजता मोजता त्याचा चेहरा डॉक्टरसारखा झाला. "नळीच नळी जाईल. सात-आठ हजार वर. काकू, घरचा म्हणून सांगतो, फुकट जातील."

बाईंनी समीरला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. "आई, तो लुटतोय तुला! डक्टमध्ये टाक म्हणावं."

"तो तेच म्हणतोय रे. गॅलरीत मीच म्हणतेय."

"कशाला पण?"

 "माझ्या पेन्शनमधून देते," म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

राजूने खांदे उडवले. "तुमची मर्जी. पण डक्टमध्ये शांतता पाहिजे म्हणून करत असाल तर सांगून ठेवतो, उद्या तुमच्या समोरच मी एक बसवतोय. त्या काळ्या काचेच्या खिडकीत. मोरिवलीची फॅमिली आहे. मुलगा विनीत, आनंदनगरला कंपनीत. सेकंडहँड पीस घेतलाय आमच्याकडून. तुमचा हळूहळू चालत राहतो, त्यांचा जुना. खोली गार झाली की बाहेरचं मशीन गप्प, गरम झाली की परत बोंब मारणार."

बाई पलंगाच्या कडेला टेकल्या.

संध्याकाळी त्यांनी इस्त्रीची साडी नेसली, पर्समध्ये पैसे घातले आणि नाल्याला वळसा घालून निघाल्या. मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं: मशीन तुमच्या पुढच्या बाजूला बसवा, नळीचा जास्तीचा खर्च माझा. लोकांना वेडेपणा वाटेल. वाटू दे.

दार विनीतच्या बायकोने उघडलं. संजीवनी नाव. पदराने घाम पुसत म्हणाली, "या ना काकू. कोण पाहिजे?"

"मी पलीकडच्या बिल्डिंगमधली. तुम्ही एसी बसवताय असं कळलं. म्हटलं विचारावं, किती खर्च येतो..."

"अहो विचारा ना! आम्ही पण धा जणांना विचारलं. प्रत्येकाचा रेट वेगळा. या, आतच या, सासूबाईंजवळ बसा. बकुळाआई, कोण आलंय बघा."

आतल्या खोलीत काळ्या काचेखाली खाट होती. खाटेवर कुशीला वळलेली बकुळाबाई. मांडीचं हाड मोडल्यापासून अंथरुणातच, संजीवनी सांगत होती. पोलकं पाठीवर सैल सोडलेलं, आणि पाठभर घामोळं, लालभडक, जागोजागी फुटलेलं. संजीवनी पुठ्ठ्याने वारा घालत होती, तोही गरमच.

"डॉक्टर बोलले, थंडाव्यात ठेवा, नायतर पाठ सडेल. म्हणून काढलं कर्ज, काय करणार?"

सुहासिनीबाईंनी जुळवून आणलेलं वाक्य तिथेच वाळून गेलं. या पाठीसमोर आपण काय मागायला आलो होतो! खिडकी उघडी ठेवा? आमच्या दुपारी रिकाम्या जातील?

"कोन गो ती?" खाटेवरून आवाज आला. तोच. खरबरीत. इतक्या जवळून तो बाईंनी कधी ऐकला नव्हता.

"मी... एसीचा खर्च विचारायला आले होते," त्या म्हणाल्या. सूनबाई समोर उभी, आपण पर्स सावरून खुर्चीच्या टोकावर. 'ती मीच' हे शब्द काही बाहेर येईनात.

म्हातारीने डोळे मिटून घेतले. "काय म्हनलीस? परत बोल."

"नळीला फुटामागे किती लावतात, ते विचारत होते."

"अजून एकदा बोल गो. मना कमी ऐकू येतं."

"फुटाला किती घेतात?" बाई मोठ्याने म्हणाल्या.

"अडीचशेच घेतायत," संजीवनीने मध्येच सांगितलं. "पण आमचं मशीन खिडकीबाहेरच, म्हणून जास्तीची नळी नाही लागत. तेवढं वाचलं बघा. तुम्हाला किती लागतेय?"

"मला जरा जास्त लागतेय."

मग बराच वेळ स्टँडचं बोलणं झालं, वीजबिलाचं झालं. सर्व्हिसिंगला वर्षातून दोनदा माणूस बोलवावा लागतो आणि तो दर वेळी गॅस कमी झालाय म्हणतो, हेही झालं. म्हातारी मिटल्या डोळ्यांनी पडून होती. मधूनच "काय? काय बोलली ती?" म्हणून विचारी, आणि सुहासिनीबाई पुन्हा सांगत. निघताना त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. तो हात तापलेल्या तव्यासारखा होता.

जिना उतरताना त्यांना स्वतःचाच राग आला. इतकी वर्षं जिच्या शब्दाला शब्द जोडला, तिच्या उशाशी बसून आपण तासभर पाइपचे भाव काढले. आणि एका अर्थी तेच बरं झालं, असंही वाटलं. तिची पाठ तर निवेल.

दुसऱ्या दिवशी राजूने समोर मशीन टांगलं, त्याच्या पुढच्या दिवशी बाईंचं गॅलरीत. हॉलच्या भिंतीवरून पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेली नळी घोरपडीसारखी सरकत गेली. बाईंनी पैसे दिले तेव्हा राजू म्हणाला, "काकू, हे बिल मुलाला दाखवू नका हां, मला शिव्या घालेल." आणि हसत निघून गेला. बाईंच्या बाजूने डक्ट गप्प राहिला, इतकंच त्यांच्या हातात होतं.

पण समोरचं मशीन घुमू लागलं. काळी काच बंद. विहिरीत कुणी चक्की बसवावी तसा तो आवाज तळापासून वर यायचा. पहिल्या दुपारी बाईंनी अर्धी ओवी म्हणून पाहिली. ती त्यांच्याच कानांपर्यंत आली नाही. दुसऱ्या दुपारी त्या म्हणाल्याच नाहीत. आपला नवा एसी लावून खिडकी बंद करून आडव्या झाल्या. खोली गार झाली. इतकी गार, इतकी निमूट, की आपला श्वास दुसऱ्या कुणाचा वाटावा. त्या उठल्या, एसी बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन घामाघूम होत खिडकीशी स्टुलावर बसल्या.

घूं घूं घूं. मग एकदम खट्ट.

मशीन थांबलं. खोली गार झाली असणार. पोकळीत शांतता उतरली, आणि त्या शांततेत काच सरकल्याचा करकर आवाज आला, चार बोटांपुरता. आतून संजीवनी कुरकुरली, "अहो आई, गार हवा जाते, बिल येईल!" आणि मग,

तांब्याची गो नळी, फुटाफुटानं मोजली,
दारी आली बाय माजी, दर पुसून गेली.

सुहासिनीबाईंनी ओट्याची कड घट्ट धरली. तिला कमी ऐकू येत नव्हतं. पुन्हा पुन्हा बोलायला लावून ती आवाज ओळखत होती, नुसती ऐकत होती. आणि आता पुरी ओवी तिने एकटीनेच म्हणून टाकली होती, रुसल्यासारखी. उत्तराला अख्खी ओवी लागणार होती.

 त्यांनी खिडकीशी तोंड नेलं.

दर पुसता पुसता, माझी जीभ गं अडली...

खट्ट. घूं घूं घूं.

समोर काच सरकत बंद झाली. दुसरी ओळ ओठांवर आलेली तशीच राहिली. बाईंनी ती खाली सांडू दिली नाही. पदराने मान पुसली, स्टूल खिडकीच्या आणखी जवळ ओढलं, आणि समोरची खोली गार होण्याची वाट बघत बसल्या.