रुची झोपली की बंद पडणारा कॉम्प्युटर

सडक अर्जुनीजवळच्या त्या गावात धान खरेदी केंद्रावरही एवढी गर्दी होत नव्हती. भूपेंद्रच्या ओसरीवर, दारात, खिडकीच्या गजांना धरून माणसं उभी होती आणि सगळ्यांचे डोळे त्याच्या कॉम्प्युटरवर होते. खरेदीची नोंदणी, पीक विम्याचे अर्ज, सातबारा, गावाचं सगळं काम भूपेंद्र घरच्या या एकाच कॉम्प्युटरवर करायचा. तीन आठवड्यांपासून तो भर दुपारी, चालता चालता, पट्कन बंद पडत होता. दुरुस्तीवाल्याने फोनवरूनच लाइटवर खापर फोडलं. नवा स्टॅबिलायझर आला, तरी बंद पडणं चालूच.

म्हणून चैतराम महाराजांना बोलावलं होतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हे महाराज लग्नात डीजे वाजवायचे. अंगावर भगवं चढलं आणि गाव ते विसरलं.

महाराजांनी कॉम्प्युटरसमोर दिवा लावला. भूपेंद्रच्या आठ महिन्यांच्या मुलीचा, रुचीचा पाळणा शेजारी ओढून घेतला. मग टेबलफॅनकडे बोट केलं. "तो बंद करा. ज्योत हालली का देवी उठून जाते." ज्येष्ठ महिन्याच्या उकाड्यात पंखा बंद झाला. महाराज पुटपुटू लागले. लोक घाम पुसत बसले. रुचीला डुलकी लागली, आणि पंधराव्या मिनिटाला पडदा काळा झाला.

"खुद देख लो," महाराज म्हणाले. "मशीनमध्ये काही नाही. पोरगी झोपली का तिचा जीव बाहेर निघते अन् मशीनमधला करंट ओढून घेते."

मग पाळणा बाहेर नेला, दिवा विझवला, पंखा लावला, नारळ फुटला, सगळ्यांचा चहा झाला. महाराजांनी बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू. खिडकीतल्या लोकांनी हात जोडले.

उपाय सोपा होता. सोमवारी सळी तापवून पोरीच्या पोटावर तीन डाग.

रुचीची आई नूतन हे दाराशी उभी राहून ऐकत होती. रुची कमी वजनाची जन्मली होती. तिला शिंक आली तरी नूतन गोंदियाच्या डॉक्टरांना फोन लावायची, म्हणून घरात तिची थट्टाच व्हायची. तिने विरोध केला तेव्हा सासू शामकला म्हणाली, "काऊन व, महाराजापेक्षा तुले जास्त समजते का? भूपेंद्रले पण डागलं होतं मी. मेला का तो?"

भूपेंद्रचा हात शर्टावरून पोटापाशी गेला होता. नूतनला तो जुना, चकाकणारा डाग ठाऊक होता.

त्या दिवसानंतर रुचीला कोणी मांडीवर घेईना. नोंदणीला आलेले लोक पाळण्याला वळसा घालून जात. एकाने तर तिला बाहेर ठेवा, माझा अर्ज होऊ द्या, असं तोंडावर सांगितलं.

रविवारी सकाळी नूतनने वही उघडली. रुचीचं दूध, झोप, ताप लिहून ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नूतन त्यापेक्षा बरंच जास्त लिहायची. पोरगी शिंकते ती पंख्याच्या वाऱ्याने का, हे कळावं म्हणून पंखा कोणाकडे होता तेही ती लिहीत असे.

'१.१० झोपली. पंखा तिच्याकडे. १.३० दचकून उठली. ह्यांचा आरडाओरडा. कॉम्प्युटर गेला.'

पानामागून पान हेच. फक्त एका बुधवारी वेगळं होतं. 'शिंका आहेत, म्हणून पंखा तिच्यावर नको. ह्यांच्याकडेच ठेवला. रुची १ ते ३ गाढ झोपली.' त्या दिवशी आरडाओरडा नाही. कॉम्प्युटर दिवसभर चालू.

रुची झोपली होती, तरी चालू.

नूतनने उठून कॉम्प्युटरच्या पेटीच्या मागे हात धरला. वारा जेमतेम येत होता आणि पत्रा तव्यासारखा तापला होता. तिने भूपेंद्रला वही दाखवली. महाराजांनी सगळ्या गावासमोर करून दाखवलं आणि तू वही घेऊन आलीस, असं म्हणून त्याने ती न वाचताच परत दिली.

सोमवारी गर्दी दुप्पट होती. अंगणात शेगडी पेटली होती, निखाऱ्यात सळी लाल होत होती. नूतन खाली मान घालून म्हणाली, "महाराज, डाग द्यायच्या आधी एकदा सगळ्यांना परत दाखवा. माझाही विश्वास बसेल." महाराज खुलले. जाळीचं कापड टाकलेला पाळणा तिने स्वतः ओढून आणला. ज्योतीसाठी पंखा बंद झाला.

या वेळी पडदा काळा व्हायला बारा मिनिटं लागली.

"ओढला," महाराज म्हणाले. "पोरीनं ओढला, पाहून घ्या."

नूतनने कापड उचललं. पाळण्यात उशी होती. रुची तीन घरं पलीकडे प्रेमिलाकाकूंच्या मांडीवर होती.

ओसरीवरचे लोक पाळण्यात डोकावू लागले. मग खिडकीतून म्हातारा बकाराम शांतपणे म्हणाला, "मंग सळी उशीलेच लावता का, महाराज?"

लोक हसले. महाराज म्हणाले, जिवाला अंतर नसते, तो तिथूनही ओढते. पण आता त्यांचा आवाज डीजेवाल्याचा वाटत होता.

नूतनने वायर काढली, स्क्रू काढायला शिलाई मशीनच्या खणातला पेचकस आणला आणि पेटीची बाजू उघडली. आतला छोटा पंखा दिसतच नव्हता. शेजारच्या राइस मिलमधून उडणारा कोंडा त्याच्यावर गोधडीसारखा बसला होता.

"हा पंखा आतलं मशीन थंड ठेवतो," ती म्हणाली. "हा कोंड्यानं बसला. बाहेरच्या टेबलफॅनवर कसंतरी चालत होतं. रुची झोपली की मी तो तिच्याकडे वळवायची, महाराज दिव्यासाठी बंद करायचे. मशीन जास्त तापलं की जळू नये म्हणून आपोआप बंद होतं. तुमचा चहा होईपर्यंत निवतं आणि सुरू होतं. महाराज, डीजेचा ॲम्प्लिफायर लग्नात किती वेळा तापून बंद पडला असेल तुमचा? तेव्हा कोणाच्या लेकराला डागलं होतं?"

महाराज चपला शोधू लागले.

भूपेंद्र उठला. अंगणात जाऊन त्याने बादलीभर पाणी शेगडीवर ओतलं. शामकला काही बोलायला गेली. "आई, मले आठवते तो दिवस," एवढंच तो म्हणाला.

मग त्याने ब्रशने कोंडा झाडला. ओंजळभर निघाला. प्रेमिलाकाकू रुचीला घेऊन आल्या, ती पाळण्यात झोपली, टेबलफॅन तिच्याकडे वळला, आणि भूपेंद्र नोंदणीला बसला. लोक अर्ज विसरून पडद्याकडे पाहत राहिले. तो काळा झाला नाही. नूतनने त्यांना जास्त काही सांगितलं नाही. पुढच्या वेळी काही बंद पडलं तर आधी उघडून बघा, ती म्हणाली, कधी बंद पडलं ते लिहून ठेवा, आणि दिवा लावायला सांगणारा माणूस पंखा का बंद करायला सांगतो, ते त्याला विचारा. लेकराच्या पोटावर हात ठेवायचा तर निजवण्यासाठी ठेवा.

संध्याकाळी तिने वही उघडली तेव्हा आजची ओळ आधीच लिहिलेली होती. अक्षर भूपेंद्रचं होतं.

'१.२० झोपली. पंखा तिच्याकडे. ३ ला उठली. भुकेने.'