करपलेली कड

गोड पाव करायला काही अक्कल लागत नाही. शिळा पाव कुस्करा, कोमट दुधात भिजवा, अंडं फेटून घाला, साखर घालताना हात आखडू नका, आणि वाटीत ओतून कड तांबूस होईपर्यंत ओव्हनमध्ये ठेवा. म्हातारीने सुनेला लग्नानंतर पहिल्यांदा शिकवला तो हाच पदार्थ. पुढे नातवाने, म्हणजे ढमूने, संध्याकाळी दुसरं काही मागितलंच नाही. कड तेवढी खायचा नाही पठ्ठ्या. ती वाटीला तशीच ठेवून स्वारी खेळायला पसार!

तो ढमू तापाने गेला. दवाखान्यात नेईनेईपर्यंत सगळं आटोपलं.

सुनेची अन्नावरची वासनाच उडाली. चहाचा घोट कसाबसा घशाखाली उतरायचा. पण संध्याकाळ झाली की उठायची, एक वाटी गोड पाव करायची, टेबलावर ढमूच्या जागी ठेवायची आणि खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायची. सकाळी भरलेली वाटी दिसली की तिचा चेहरा असा व्हायचा, की बघवायचा नाही. ही पण जाणार आता, असं म्हातारीला वाटायचं. मुलगा ट्रकवर, महिन्यातून कधीतरी घरी टेकायचा. निघताना म्हणायचा,

"आई, तू तरी काहीतरी कर गं."

"मी काय करू, कपाळ?"

पण एका संध्याकाळी तिने ती वाटी उचलली. नातवाच्या नावाचा घास कचऱ्यात टाकायला हात धजेना, म्हणून उभ्या उभ्या खाऊन टाकला. मधुमेह होता तिला, साखर म्हणजे विषच. खरं सांगायचं तर पहिला चमचा छान लागला, आणि तिची तिलाच लाज वाटली.

सकाळी सुनेने रिकामी वाटी पाहिली. दुपारी भात वाढून घेतला आणि चक्क जेवली.

मग काय, रोजचंच झालं. दुसऱ्या दिवशी म्हातारीला काय बुद्धी झाली देव जाणे, तिने कड तेवढी ठेवून दिली. सुनेने त्या कडेवरून बोट फिरवलं आणि कितीतरी दिवसांनी हसली.

"याला अजून कड आवडत नाही हो, आई."

म्हातारीच्या अंगावर सरसरून काटा आला. अगं वेडे, मी खाल्ला तो, असं सांगायला तोंड उघडलं. पण सून ताट घेऊन बसत होती. म्हातारीने तिला भात वाढला.

चपलेने बोटाला झालेली जखम भरेना. डॉक्टर ओरडले, "आजी, चोरून गोड खाता की काय?" "आता या वयात कुठली हो चोरी!" म्हणून तिने हसण्यावारी नेलं. बोट काळं पडलं तेव्हा मोजे घालायला लागली. कळत नव्हतं असं नाही. पायावाचून माणूस जगतं, अन्नावाचून नाही, असं तिने मनाला समजावलं होतं.

एका दुपारी ती न्हाणीत कोसळली. दवाखान्यात शुद्धीवर आली तेव्हा एका गुडघ्याखाली पांघरूण सपाट होतं.

सून डबा घेऊन आली. झाकण काढलं तर आत ढमूची वाटी, गोड पावाने भरलेली. म्हातारीने घाबरून पाहिलं.

"तुम्ही इथे आलात, आणि वाटी भरलेलीच राहायला लागली," सून म्हणाली. "वास मारायला लागली. मीच पाव फेकून दिला."

"अगं, मांजर खात असेल आधी..."

"आपल्याकडे मांजर कुठे आहे, आई?"

सुनेने त्या सपाट पांघरुणावर हात ठेवला.

"मीच खाल्ला तुमचा पाय," ती म्हणाली. मग लहान मुलीसारखं विचारलं, "तो गेला ना हो?"

इतके दिवस म्हातारीने याच प्रश्नाला उत्तर द्यायचं टाळलं होतं.

"गेला गं बाई," ती म्हणाली. "आपला ढमू गेला."

सुनेने चमचा घेतला आणि खायला लागली. रडत रडत, नाक पुसत, अख्खी वाटी संपवली. मग करपलेली कड नखाने खरवडली आणि तीही खाल्ली. म्हातारीने पडल्या पडल्या हात लांब केला आणि सुनेच्या पाठीवर जिथवर पोचला तिथे ठेवला.