सिग्नेच्या मापाचा पुतळा

मित्रांनो, मी एका चित्रपट स्टुडिओच्या शिवणखात्यातला, कपडे बेतायचा जुना पुतळा आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत आणि डोके तर मुळीच नाही. मानेच्या जागी लाकडी खुंटी आणि खाली लोखंडी दांडा, एवढाच माझा थाट. तरी ऑर्हुस शहराच्या संग्रहालयात लोक माझ्यापुढे आले की आवाज खाली आणतात. कारण मी नटी सिग्ने वेस्टरबोच्या मापाचा आहे.

माझा जन्म मूकपटांच्या काळातला. सिग्ने तेव्हा एकोणीस वर्षांची होती, हेरिंग मासे खारवायचे काम सोडून नुकतीच स्टुडिओत आली होती. शिवणखात्याच्या मुख्य ओलिनेबाईंनी तिला नुसत्या पातळ झग्यात उभे केले आणि खळीत भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या तिच्या अंगावर एकावर एक चिकटवल्या. दोन तास ती हलली नाही. मध्येच तिला हसू फुटले, तेव्हा ओलिनेबाई म्हणाल्या, "हसू नकोस गं, फासळ्या वाकड्या निघतील." कागद वाळला, पाठीवर कात्री चालली, ती बाहेर पडली आणि मी उरलो.

शिवणखात्याची एक जुनी रीत होती. बाई बदलली की तिचा पुतळा बदलायचा. कुणी अंगाने भरली तर पुतळ्याला कापूस लागे, कुणी वाळली तर तो काढला जाई. माझ्या शेजारचे पुतळे असेच आपापल्या बायांबरोबर जाड झाले, पोक काढून म्हातारे झाले. त्यात कुणाला वावगे वाटत नसे.

माझ्या बाबतीत मात्र उलटे झाले. तिसऱ्या चित्रपटानंतर सिग्नेला पाहायला लोक चित्रगृहाबाहेर रांगा लावू लागले आणि स्टुडिओचे मालक बेंडिक्सनसाहेब घाबरले, की ती बदलली तर रांगा संपतील. चालत्या गाड्याला खीळ घालू नये, असा त्यांचा हिशेब. त्यांनी माझ्या कमरेच्या मापाची निळी फीत कापून खिशात ठेवली आणि हुकूम सोडला: यापुढे पुतळा बदलणार नाही, बाईने पुतळ्यासारखे राहायचे. प्रत्येक झगा माझ्या अंगावर बेतला जाई आणि सिग्नेला त्यात शिरावे लागे. झग्याचा आकडा लागला नाही की तिचे जेवण बंद.

खोटे कशाला बोलू, मित्रांनो? मला ते आवडत होते. ती सुकत गेली तशी माझ्या कागदाला तुकतुकी आली. व्हरांड्यातून येणारे नवे लोक मला वाकून नमस्कार करीत आणि तिला ओलांडून पुढे जात. सकाळी आम्ही दोघे आरशापुढे उभे राहिलो की धाप तिला लागे आणि आरशावर वाफ माझ्यासमोर धरे.

ओलिनेबाईंना ते दिसले असावे. त्यांनी माझ्या अस्तराखाली बोटभर कापूस गुपचूप भरला, म्हणजे झगे तेवढे सैल निघतील. महिन्याच्या एक तारखेला साहेब फीत घेऊन आले. टोके जुळेनात. ते रागावले नाहीत. त्यांनी कात्री मागून घेतली आणि कापूस स्वतःच उपसला. कात्री जरा खोल गेली आणि कापसाबरोबर माझ्या कुशीचा कागदही निघाला. त्याच घटकेला पलीकडे चित्रीकरण करत असलेली सिग्ने कुशीवर हात दाबून खाली बसली. ओलिनेबाईंनी तिचा झगा सोडला, तेव्हा तिथे तांबडी रेघ होती.

तिला घरी नेले. पण एक दृश्य राहिले होते. जहाजावर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहत बायको खिडकीत पाठमोरी उभी आहे, एवढेच. चित्रीकरणाला लागणारे, स्टुडिओच्या काचेच्या छपरातून येणारे ऊन थांबणार नव्हते. साहेबांनी तिचा कोट मला घातला, कॉलर वर केली, खुंटीवर टोपी ठेवली आणि दृश्य घेतले.

चार दिवसांनी सिग्ने ते पाहायला आली. पडद्यावर काय दिसले, हे ओलिनेबाईंनी नंतर मला सांगितले. शिवताना त्या आमच्याशी बोलत. पाठमोरी बाई खिडकीत उभी होती. मग कुणी हाक मारावी तसा तिने चेहरा हळूच बाजूला वळवला. यंत्रवाल्याने फिल्म पुन्हा लावली. ती पुन्हा वळली, जरा जास्त. तिसऱ्यांदा तिचा गालही दिसला आणि बेंडिक्सनसाहेब डोळे पुसत म्हणाले की सिग्नेने याहून चांगले काम कधीच केले नव्हते.

शपथेवर सांगतो, मी हललो नव्हतो. मला नुसते वाटले होते की वळावे.

सिग्ने तडक शिवणखात्यात आली आणि माझ्यापुढे उभी राहून तिने ओलिनेबाईंना विचारले,

"मावशी, तिथे मी नव्हते ना?"

"तू घरी अंथरुणात होतीस, पोरी. मीच तुला पांघरूण घातलं."

"मग माझी मान का आखडलीय?"

ओलिनेबाईंनी खणातून स्वतःचा डबा काढला. आत राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावाचे तीन तुकडे होते, वर डुकराची चरबी आणि मीठ. "खा," त्या म्हणाल्या. "आत्ता खा. याच्या डोळ्यांदेखत."

सिग्ने खाऊ लागली. ती रडत होती आणि खात होती, नजर माझ्यावरून हटवत नव्हती. दुसऱ्या तुकड्याला माझ्या पाठीची शिवण उसवली. तिसऱ्याला बेंडिक्सनसाहेब दारात आले.

"सिग्ने, उद्या चित्रीकरण आहे."

"यालाच उभा करा, साहेब. तुम्हाला हाच बरा वाटतो." तिने बोटे चाटली आणि ती निघून गेली.

उरलेला चित्रपट माझ्यावर पुरा झाला. पाठ माझी, खांदा माझा, भिंतीवरची सावली माझी. तो सहा महिने चालला. सिग्ने कुठल्या प्रसंगापासून नाही, हे एकाही प्रेक्षकाला ओळखता आले नाही. सिग्ने आपल्या गावी परतली, मासे विकू लागली, चांगली गुबगुबीत झाली आणि, संग्रहालयात कानावर आले तसे, म्हातारी होऊन गेली. ओलिनेबाईंना तिची पत्रे येत. त्या ती मोठ्याने वाचत; ऐकताना मला आनंद होत नसे, हेही सांगून टाकतो.

पुढे बोलपट आले, स्टुडिओ बंद पडला आणि आम्हा पुतळ्यांची रवानगी तळघरात झाली. खळीच्या वासाने उंदरांनी बाकीचे पुतळे फस्त केले. माझ्याजवळ मात्र एकही उंदीर आला नाही. मग संग्रहालयाच्या लोकांनी मला पुसले, शिवले आणि दिव्याखाली ठेवले.

मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा. माझी विनवणी वेगळी आहे. शाळेच्या सहलीतल्या मुली माझ्या शेजारी उभ्या राहतात, माझ्या कमरेकडे पाहतात आणि हळूच पोट आत ओढून घेतात. मुलींनो, तसे करू नका. तुम्ही पोट आत घेता तेव्हा मला भूक लागते. लवकर बाहेर जा आणि पोटभर जेवा.